पुण्यात शिकायला येताय? पहिल्या महिन्यात या चुका टाळा

कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेशाच्या) फेरीत पुण्याचं कॉलेज लागलं की घरी पहिली घाई खोलीची. वडील एका दिवसाची रजा काढून सोबत येतात, रात्रीच्या गाडीने त्यांना परतायचं असतं, म्हणून पेठेतली पहिली बरी दिसलेली खोली वर्षभरासाठी पक्की होते. पुढच्या निम्म्या कटकटी त्याच दुपारी ठरतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या महिन्यात कुठलीच गोष्ट वर्षभराची ठरवू नका.

दुपारी खोली बघणं

कॉट बेसिसची, म्हणजे खोलीत फक्त एक कॉट आपली असते अशी खोली संध्याकाळी सातनंतर बघा. सगळी मुलं परतलेली असतात, एका बाथरूमला किती जण आहेत ते तेव्हाच कळतं. तिथे राहणाऱ्या एखाद्याला जिन्यात गाठून विचारा: पाणी किती वाजता येतं, वीजबिल भाड्यातच की वेगळं, मागच्या मुलाला डिपॉझिट पूर्ण मिळालं का? शेवटच्या प्रश्नावर तो नुसताच हसला, तर दुसरी खोली बघा.

गावचे मित्र सदाशिव पेठेत आहेत म्हणून तिथेच राहायचं, हाही एक मोह. ते बहुतेक स्पर्धा परीक्षेवाले. अभ्यासिका त्यांच्या खोलीपासून चालत अंतरावर. तुमचं कॉलेज आकुर्डीला असेल तर रोज शिवाजीनगरहून लोणावळा लोकल धरावी लागेल, आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी ती चुकली की संपलं.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं एजंट बिनधास्त सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. कॉट बेसिसवर करार बहुधा कुणी करतच नाही. मग निदान डिपॉझिट रोख देऊ नका, आणि खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचं ते व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. खोली आधीच चुकली असेल तर भांडण्याआधी आपल्या जागी येणारा मुलगा शोधा. कॉट रिकामी राहणार नाही म्हटल्यावर मालकाचा सूर बदलतो.

मेसचे तीन महिन्यांचे पैसे एकदम भरणं

पहिल्या आठवड्यात भाजी सगळीकडेच चांगली असते. आधी एक महिना जेवून बघा. खाड्यांचा नियम विचारून ठेवा: किती दिवस सलग नसाल तर पैसे वळते होतात, आधी सांगावं लागतं का. रविवारी संध्याकाळी बऱ्याच मेस बंद असतात, त्या जेवणाचा खर्च हिशेबात धरा.

शिष्यवृत्तीचा अर्ज 'नंतर भरू' म्हणणं

महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा) अर्ज मुदत संपत आली की सगळेच भरायला बसतात. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी सीडिंग झालेल्या, म्हणजे जोडलेल्या खात्यातच जातात. पुण्यात नवं खातं उघडताना सीडिंग तिकडे वळलं, तर तुम्ही गावाकडच्या पासबुकात रक्कम शोधत बसता. कोणतं खातं जोडलेलं आहे ते आधी बँकेत तपासून घ्या.

आणखी एक, बरीच महागात पडणारी चूक: खासगी खोली मिळाली म्हणून शासकीय वसतिगृहाचा अर्जच न करणं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठीच आहे. पुण्यासारख्या शहरात तिच्यातून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीची स्वयं योजना आहे.

मूळ कागदपत्रं कॉलेजने तपासून परत द्यायची असतात, ठेवून घ्यायची नसतात. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्येच तसं बजावलं आहे.

दर शनिवारी घर गाठणं

आठवण येते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण वर्गातल्या ओळखी वर्गात कमी आणि रविवारच्या रिकाम्या दुपारी जास्त होतात. लातूर-नांदेडच्या रात्रीच्या गाडीत अर्धा आठवडा घालवणाऱ्याला दिवाळीपर्यंत नोट्स मागायलाही कुणी नसतं. पहिले काही रविवार इथेच काढा, मग खुशाल जा.

बोलण्याच्या ढबीवरून होणारी चेष्टा वेगळी आणि रॅगिंग वेगळं. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ वर कधीही करता येते. आणि दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण जात नाही, वर्गात जावंसं वाटत नाही, अशी गत असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) मोफत क्रमांकावर फोन करा. मराठीतही बोलता येतं.