पेट्रोलची गाडी विजेवर कशी आणावी: पाना हातात घेण्याआधीचे नियोजन

दारात उभी असलेली जुनी पेट्रोल गाडी घरच्या घरी विजेवर आणावी, असे मनात आले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, मोटार कोणती बसवावी? अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत आयुष्य घातलेल्या आपल्या नाशिक शहरात हे साहजिकच आहे, कारण येथे घरटी एखादा तरी माणूस लेथ, वायरिंग किंवा टूलरूम यांपैकी काहीतरी जाणणारा निघतो. तरीही मोटारीचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. आधी कागद, मग रोजचे अंतर, मग वजन, मग बॅटरी आणि त्यानंतर मोटार, हा क्रम पाळला नाही तर इंजिन उतरवलेली गाडी वर्षभर अंगणात विटांवर उभी राहते. अशी एक गाडी मी ओळखीच्या घरी पाहिली आहे.

पहिली पायरी: आरसी बुक उघडा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवर नोंदलेला तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाला मनाप्रमाणे करता येत नाही. इंधनाचा प्रकार बदलणे हा त्यातला ठळक बदल आहे. त्यासाठी मंजूर प्रकारचे रूपांतर किट, म्हणजे गाडी विजेवर आणण्याचा तयार संच, लागतो. ते पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने तपासलेले असावे लागते आणि किट उत्पादकाने अधिकृत केलेल्या कार्यशाळेतच ते बसवावे लागते. पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या रूपांतरासाठी एआयएस-१२३ या मानकाचा तिसरा भाग लागू होतो. म्हणजेच सुटी मोटार आणि सुटे सेल आणून घरी जोडलेली गाडी कितीही उत्तम पळाली, तरी रस्त्यासाठी तिचे पासिंग होत नाही. ‘घरच्या घरी’ या शब्दांचा खरा अर्थ एवढाच की आखणी, मोजमाप, निवड आणि देखरेख तुमची, जोडणी अधिकृत हातांची.

त्यामुळे पहिली फेरी पेठ रोडवरील आरटीओ कार्यालयात मारावी आणि तुमच्या गाडीसाठी कोणती कागदपत्रे लागतील हे लेखी टिपून घ्यावे. आरसीची मुदत किती उरली आहे, हेही त्याच दिवशी पाहावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. मुदत सहा महिन्यांवर आली असेल, तर बदल आणि नूतनीकरण यांचा विचार एकत्रच करावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती घ्यावी आणि विमा कंपनीला आधीच कळवावे, कारण पेट्रोल गाडीच्या पॉलिसीवर विजेची गाडी चालवणे म्हणजे विमा नसल्यासारखेच आहे.

किट विकणाऱ्याकडून मंजुरीपत्राची प्रत मागा आणि ती स्वतः वाचा. मला एका विक्रेत्याने मोठ्या उत्साहाने जे प्रमाणपत्र पाठवले, ते नुसत्या बॅटरीचे निघाले. किटचा आणि गाडीच्या मॉडेलचा त्यात उल्लेखच नव्हता. तुमचे मॉडेल मंजुरीपत्रात नसेल तर ‘सारखीच गाडी आहे, चालून जाईल’ या शब्दांवर एक रुपयाही आगाऊ देऊ नये.

दुसरी पायरी: गाडी या खर्चाच्या लायकीची आहे का?

हलकी, साधी, गिअर हाताने बदलण्याची आणि इलेक्ट्रॉनिक्सचे जंजाळ नसलेली गाडी रूपांतराला सोयीची असते. मुंबई-कोकणातून आलेली गाडी असेल तर मॅट उचलून फरशीचा पत्रा आणि चाकांच्या वरची जागा टोकदार पेचकसाने टोचून पाहा. खाऱ्या हवेने पोखरलेल्या पत्र्यावर शंभर किलोची बॅटरी टांगणे हा वेडेपणा आहे. इंजिन धूर काढत असेल तर हरकत नाही, ते जाणारच आहे. गिअरबॉक्स, सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेक मात्र ठणठणीत हवेत.

तिसरी पायरी: महिनाभराची वही

गाडीत एक वही ठेवून महिनाभर रोजचे किलोमीटर लिहा. नाशिक रोडहून सातपूरला कामावर जाऊन येणाऱ्याचे रोजचे अंतर तीस-पस्तीस किलोमीटरच्या घरात भरते, पण बोलताना तोच माणूस ‘दोनशेची रेंज हवी’ म्हणतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर वर्षातून एकदा होणारी वणीच्या गडाची वारी असते. त्या एका दिवसासाठी दुप्पट बॅटरी विकत घेऊन उरलेले दिवस तिचे वजन वाहत बसणे परवडणारे नाही. वारीला भाड्याची गाडी करावी.

चौथी पायरी: वजनकाटा

ही पायरी जवळपास सगळे टाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त शिकवणारी तीच आहे. कांद्याचे आणि टोमॅटोचे ट्रॅक्टर जिथे तोलले जातात, अशा कोणत्याही वजनकाट्यावर गर्दी नसलेल्या वेळी गाडी न्या. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाके काट्यावर, मग फक्त मागची, अशा तीन पावत्या घ्या. काटेवाला चमत्कारिक नजरेने पाहील, पाहू द्या. पुढच्या इंजिनाच्या छोट्या गाडीत पुढच्या चाकांवर साहजिकच जास्त भार असतो. इंजिन, सायलेन्सर, रेडिएटर आणि पेट्रोलची टाकी निघाल्यावर किती भार कुठून कमी झाला आणि बॅटरी बसल्यावर किती कुठे वाढला, याचा हिशेब या तीन आकड्यांशिवाय होत नाही. सगळी बॅटरी डिकीत टाकली तर पुढची चाके हलकी पडतात आणि पावसात वळणावर स्टिअरिंग दाद देत नाही. म्हणून बॅटरी दोन भागांत विभागता येते का, हे किटवाल्याला याच पावत्या दाखवून विचारावे.

पाचवी पायरी: बॅटरीचे गणित

छोट्या गाडीला शहरातल्या चालीने किलोमीटरमागे सुमारे १२० वॅट-तास ऊर्जा लागते, असे धरून चालावे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारचा एक सेल ३.२ व्होल्टचा असतो. १०० अँपिअर-तासाचे असे ४५ सेल एकापुढे एक जोडले की १४४ व्होल्ट होतात आणि साठा भरतो १४.४ युनिट (एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास). सेलच्या आयुष्यासाठी त्यातले ८० टक्केच वापरायचे ठरवले तर हातात साडेअकरा युनिट राहतात, म्हणजे साधारण ९५ किलोमीटर. नुसत्या सेलचे वजन शंभर किलोच्या आसपास जाते, पेटी आणि पट्ट्या वेगळ्या. विक्रेता याच साठ्यावर दीडशे किलोमीटर सांगत असेल, तर कोणत्या वेगाला आणि किती माणसे बसवून, हे विचारावे.

घाटाचे गणित वेगळे करावे. माणसांसह १,००० किलोची गाडी १०० मीटर उंच चढवायला निव्वळ ०.२७ युनिट लागते, मोटार आणि गिअरमधील गळती धरून ०.३ च्या वर. हा चढाचा खर्च सपाट रस्त्याच्या खर्चाखेरीजचा आहे. उतरताना रीजनमुळे, म्हणजे मोटार उलट जनित्रासारखी चालून, काही ऊर्जा परत मिळते, पण गडावर मुक्काम करून बॅटरी काठोकाठ भरली आणि सकाळी उतरायला लागलात, तर भरलेली बॅटरी ती ऊर्जा घेत नाही आणि सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर येतो. उतार समोर असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवावे.

नाशिकची थंडी एलएफपी सेलला सहज सोसते. शून्य अंशाखाली चार्जिंग केल्यास सेलचे नुकसान होते, पण शहरात ती वेळ येत नाही. जपायचे ते उन्हाळ्याला. चाळिशीच्या उन्हात दिवसभर उघड्यावर उभी असलेली गाडी घरी आल्याबरोबर चार्जिंगला न लावता रात्री लावावी.

सहावी पायरी: आता मोटार

माणसांसह १,००० किलोची गाडी आठ टक्के चढावर ताशी ३० किलोमीटरने चढवायला चाकांशी आठ किलोवॅटच्या आसपास शक्ती लागते. म्हणून छोट्या गाडीला सलग १५ किलोवॅट देणारी मोटार पुरेशी ठरते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कमाल शक्ती छापलेली असते, जी मोटार काही सेकंदच देऊ शकते. घाटात उपयोगी पडते ती सलग शक्ती, तेव्हा तोच आकडा मागावा.

मूळ गिअरबॉक्स ठेवून त्याच्या तोंडाशी मोटार जोडायची असेल, तर मधली ॲडॅप्टर प्लेट आणि दोन्ही शाफ्ट जोडणारा कपलर हे सगळ्या कामाचे मर्मस्थान आहे. मोटारीचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत नसतील तर बेअरिंग आणि स्प्लाइन (शाफ्टवरचे दाते) काही महिन्यांत जातात. जोडणीच्या दिवशी कार्यशाळेत हजर राहून डायल गेज, म्हणजे सूक्ष्म डोल मोजणारे काट्याचे उपकरण, लावायला सांगा. कपलर हाताने सावकाश फिरवताना काटा पाच शतांश मिलिमीटरच्या पलीकडे डोलत असेल तर पुढचे काम थांबवा. आपल्या शहरात हे वाक्य ऐकून कोणी हसणार नाही, उलट आदर वाढेल.

इंजिनासोबत आणखी काय काय जाते, याची यादी आधीच करावी. ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो, म्हणून विजेचा व्हॅक्यूम पंप आणि छोटी टाकी लागते. ती विसरली तर पेडल दगडासारखे होते. एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरत होता, त्याला विजेवरचा पर्याय हवा. अल्टरनेटर गेला की दिवे, हॉर्न आणि वायपर यांच्यासाठी मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट करून देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर लागतो.

विजेच्या बाबतीत एकच गोष्ट ठासून सांगतो. ६० व्होल्टच्या वरचा डीसी प्रवाह धोकादायक मानला जातो, आणि त्याची ठिणगी घरातल्या एसी प्रवाहासारखी आपोआप विझत नाही, कारण हा प्रवाह शून्यावरून जातच नाही. त्यामुळे फ्यूज आणि काँटॅक्टर (मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) डीसीसाठी बनवलेले, बॅटरीच्या व्होल्टेजचेच असले पाहिजेत. उच्च दाबाच्या केबल नारिंगी असाव्यात आणि बॅटरी हाताने तोडण्याचा सर्व्हिस डिस्कनेक्ट हाताला लगेच सापडेल अशा जागी असावा. कोणत्याही चुलत भावाच्या हौशीखातर बॅटरीची पेटी घरी उघडू नये.

सातवी पायरी: घराचे मीटर

३.३ किलोवॅटचा चार्जर पंधरा-सोळा अँपिअरच्या पॉवर प्लगवर चालतो आणि पाचव्या पायरीत हिशेब केलेली बॅटरी सुमारे पाच तासांत भरतो. त्यासाठी मीटरपासून पार्किंगपर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाह तोडणारा स्विच) व आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि मोजून घेतलेले अर्थिंग हवे. सोसायटीत राहत असाल तर ही वायर तुमच्याच मीटरवरून येणार असल्याचे पत्र देऊन परवानगी घ्यावी, म्हणजे सभेत जिन्यातल्या बिलावरून वाद होत नाही. महावितरणचा मंजूर भार तपासावा आणि गिझर व चार्जर एकत्र पेलणार नसतील तर वाढवून घ्यावा. रोज ३३ किलोमीटर आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर प्लगपाशी महिन्याला सव्वाशे युनिटच्या आत-बाहेर वाढ दिसते. आज १८० युनिट वापरणारे घर त्यामुळे ३०० युनिटांच्या टप्प्याच्या उंबरठ्यावर येते, आणि त्यापुढचा दर महाग असल्याने बचतीचा हिशेब त्याच दराने करावा.

आठवी पायरी: इंजिन विकण्याची घाई करू नका

काम पूर्ण झाल्यावर पुन्हा त्याच वजनकाट्यावर जाऊन तीन पावत्या घ्या आणि जुन्यांशी ताडून पाहा. मागचा भार वाढला असेल तर टायरची हवा आणि स्प्रिंग तपासून मगच तपासणीला जा. बदल झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते, आणि हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांचा नंबर त्यानंतरच मिळतो. तोवर जुन्या आरसीवर इंजिन क्रमांक कायम असतो, म्हणून भंगारवाल्याने कितीही चांगला भाव सांगितला तरी ते इंजिन, क्रमांकाची बाजू फोटोत टिपून, ताडपत्रीखाली झाकून ठेवा आणि नवे आरसी हातात पडल्यावर पावती घेऊनच विका.