पंगत उठल्यावर पत्रावळींचं खत कसं करावं

महाप्रसादाला 'कंपोस्टेबल' प्लेटा आणल्या की पर्यावरण वाचलं, असं सांगणारे मला पटत नाहीत. त्याच प्लेटा उष्ट्यासकट कचरागाडीत गेल्या आणि नागपूरच्या भांडेवाडी कचराडेपोत ढिगाखाली दबल्या, तर हवेविना कुजून मिथेन सोडतात. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता धरतो. म्हणून खरं काम पंगत उठल्यावर सुरू होतं.

पंचवीस-तीस पानं असतील तर स्टीलची ताटंच काढा. त्याहून जास्त असतील तर पळसाच्या, काड्यांनी टाचलेल्या पत्रावळी आणि द्रोण घ्या. मशीनवर दाबलेल्या मिळाल्या तर एक पत्रावळ तासभर गरम पाण्यात ठेवून थर सोला. ताणला जाणारा चकचकीत पापुद्रा निघाला तर ते प्लॅस्टिक आहे, गठ्ठा परत करा. मक्याच्या स्टार्चपासून बनवलेले पारदर्शक पीएलए ग्लास घेऊच नका. त्यांना कित्येक आठवडे साठ अंशांच्या आसपास उष्णता लागते, ती घरच्या ढिगात टिकत नाही.

पंगतीत उष्ट्याची बादली वेगळी ठेवा.

आता ढीग. इथे मी सपशेल चुकलो होतो. मुलीच्या बारशाच्या सव्वाशे पत्रावळी एकावर एक रचून खड्ड्यात घातल्या, वर शेण आणि पाणी. दोन महिन्यांनी उकरलं तर त्या जुन्या वहीसारख्या चिकटलेल्या. वरच्या दोन-चार कुजल्या होत्या, आतल्या कोरड्या खडखडीत, पानाची शीर न् शीर दिसत होती. पाणी वरूनच वाहून गेलं होतं आणि तळाशी उष्ट्यात अळ्या वळवळत होत्या.

त्यामुळे 'नुसतं टाकून द्या, आपोआप कुजतं' हा सल्ला ऐकू नका. प्रत्येक पत्रावळ फाडायचीच, तळहाताएवढे तुकडे करायचे. कंटाळा येतो, घरातल्या चौघांना बसवा. गोळाभातावरच्या तेलाने माखलेले तुकडे आधी कोरड्या मातीत चोळा, नाहीतर पाणी आत शिरत नाही. मग सगळे रात्रभर शेणकाल्यात भिजू द्या. कुजवणाऱ्या जिवाणूंचं विकतचं कल्चर लागत नाही.

खाली वीतभर काटक्या, त्यावर थर: एक घमेलं उष्टं, तर तीन घमेली तुकडे आणि वाळका पाला. आमच्याकडे चैत्रात कडूनिंबाचा पाला पोत्याने मिळतो, तो भरून ठेवा. चार-पाच दिवसांत ढिगात हात घातला की आतून चांगलं गरम लागलं पाहिजे. गार असेल तर ओल कमी आहे, घाण वास येत असेल तर जास्त. मूठभर घेऊन दाबा, बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा.

नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, उघडा ढीग दोन दिवसांत वाळतो आणि कुजणं थांबतं. तो झाडाखालीच करा आणि वर ओलं गोणपाट टाका. पहिला महिनाभर दर आठ दिवसांनी फावड्याने खालचं वर करा, हे चुकवू नका.

तीन-चार महिन्यांनी चाळा. टाचणीच्या काड्या तेवढ्या चाळणीत उरतील, त्या पुढच्या ढिगाच्या तळाशी घाला.