जुन्या ट्रकचा अडकलेला स्पार्क प्लग काढताना

पेट्रोल ट्रकचे प्लग वर्षानुवर्षं हललेले नसतील, तर पाना लावण्याआधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. ॲल्युमिनियमचं हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात प्लग बसतात) गरम असताना जोर केला की त्याचे आटे प्लगसोबतच बाहेर येतात, आणि काम पार हेड उतरवण्यापर्यंत जातं.

प्लगभोवतीच्या खळग्यात हवा मारा, नाहीतर माती सरळ सिलिंडरमध्ये. प्लग जेमतेम सैल करा, बुडाशी गंज सोडवणारं तेल सोडा आणि निदान 15 मिनिटं थांबा. रात्रभर ठेवता आलं तर फारच उत्तम. मग थोडं सैल, थोडं घट्ट, पुन्हा थोडं सैल. करकर आवाज आला की परत आत फिरवा, आणखी तेल द्या. इथे घाई नकोच, कळकळीने सांगतो.

प्लगच्या वायरी एकेक करूनच बदला, म्हणजे फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) चुकत नाही. वायर ओढू नका. तिच्या टोकाचं रबरी टोपण, म्हणजे बूट, आधी पिळून सैल करा. डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज पोचवणारा भाग) कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली, तर कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर दोन्ही बदला.

नव्या प्लगची गॅप (ठिणगी पडते ती टोकांमधली फट) फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, तपासा. सुरुवातीचे आटे हातानेच बसवा, शेवटी टॉर्क पाना (मोजून जोर लावणारा).