मुलांचा ऑनलाइन क्लास : पालकांनो, या चुका टाळा

लॉकडाऊन संपलं, पण ऑनलाइन क्लास राहिलेच. स्कॉलरशिपची शिकवणी, अबॅकस, शिवाय अतिवृष्टीमुळे शाळेला सुट्टी पडली की ग्रुपवर लिंक येते. आणि बहुतेक घोळ या लिंकपासूनच सुरू होतो.

'भाच्यालाही बसू दे' म्हणून आपण ती फॅमिली ग्रुपवर टाकतो. झूमच्या लिंकमध्ये बहुतेक वेळा पासवर्डही दडलेला असतो, त्यामुळे लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला दार उघडंच. २०२० मध्ये अशाच फिरणाऱ्या लिंकवरून अनोळखी माणसं वर्गांत घुसून अश्लील चित्रं दाखवू लागली. त्यानंतर एप्रिलमध्ये झूमने पासवर्ड आणि वेटिंग रूम (बाईंनी आत घेईपर्यंत थांबायची जागा) आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. पण आपलं मूल त्या वेटिंग रूममध्ये 'रेडमी' किंवा 'पप्पा' नावाने थांबलं असेल, तर बाईंनी ओळखायचं कसं? क्लासआधी नाव बदला. मुलाचं नाव आणि रोल नंबर पुरे. मोबाइल नंबर नको.

कॅमेऱ्यामागे कोरी भिंत असू द्या. क्लास चालू असतानाचा स्क्रीनशॉट कौतुकाने स्टेटसला ठेवू नका. त्यात बाकीच्या मुलांचे चेहरे आणि नावंही असतात. मूल दार लावून, हेडफोन घालून एकटं बसत असेल, तर त्याची जागा हॉलमध्ये हलवा.

सगळ्यात मोठी चूक मात्र मोबाइलच्या सेटिंगमधली नाही. ती मी स्वतः केली आहे. माझ्या मुलीच्या शिकवणीत कुणीतरी घुसून घाणेरडा व्हिडिओ लावला. तिने लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस चकार शब्द काढला नाही. का, तर आधी एकदा चुकीचं काही दिसलं म्हणून मी तिचा मोबाइल काढून घेतला होता. तिच्या दृष्टीने सांगणं म्हणजे शिक्षा. तेव्हापासून आमच्या घरात एक गोष्ट ठरली आहे : काहीही दिसलं, कुणी खासगी चॅटवर फोटो किंवा नंबर मागितला, अगदी सरांच्या नावाने मागितला, तरी आधी मला हाक मारायची. मोबाइल जाणार नाही, ओरडा बसणार नाही. हे मी एकदा नाही, अनेकदा सांगते, कारण एकदा सांगून मुलांचा विश्वास बसत नाही.

तसं घडलंच, तर मुलाने लगेच 'लीव्ह' दाबावं. तुम्ही बाईंना फोन करा. झूममध्ये होस्टला, म्हणजे क्लास घेणाऱ्याला, सर्वांचा आवाज, व्हिडिओ आणि स्क्रीन शेअर एका बटणाने थांबवता येतं, पण घाबरलेल्या क्षणी ते बटण आठवत नाही. म्हणून पालकसभेतच त्याची तालीम करायला सांगा. त्या माणसाचं दिसलेलं नाव आणि वेळ लिहून ठेवा. लहान मुलांचं अश्लील दृश्य असेल तर ते साठवू नका आणि पुरावा म्हणूनही ग्रुपवर पाठवू नका. माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार तो गुन्हा आहे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करा. अशा तक्रारीत स्वतःचं नाव न देण्याची सोय तिथे आहे. मूल हादरलं असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. आणि त्या रात्री त्याच्याजवळ झोपा.