शेततळ्यात बोटुकली सोडण्याआधी

मेहुण्याचं शेततळं यंदा जुलैतच काठोकाठ भरलं आणि त्याचा फोन आला, "दाजी, पाणी आहेच, तर मासे सोडू का?" सोड म्हटलं, पण आठ दिवस थांब. त्या आठ दिवसांत काय काय करायचं हे सांगता सांगता यादीच झाली. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षासाठी तळं खोदून त्यात मासे सोडणारे बरेच आहेत, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आधी आकडा ठरवा, आणि तो जुलैचं नव्हे, एप्रिलचं पाणी डोळ्यासमोर ठेवून. कटला, रोहू, मृगळ मिळून हेक्टरी ५,००० बोटुकल्या, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, हे सर्वसाधारण प्रमाण. ३० बाय ३० मीटरच्या तळ्याला साडेचारशे झाल्या. पण एप्रिलात द्राक्षाच्या खरड छाटणीला बागेचं पाणी सुरू असतं, तळ्याच्या बाजू उतरत्या, आणि तोवर मोठे झालेले मासे निम्म्या पाण्यात दाटीवाटीने राहतात. मी साडेतीनशेवर थांबतो. बीजवाला, म्हणजे पिल्लं विकणारा, जास्त घ्या म्हणणारच, त्याला विकायचंय.

आता फवारणी. नाशकात मासा रोगाने मरतो त्याहून जास्त आपल्या औषधाने मरत असावा, असं माझं मत. माझ्याकडे गड्याने ब्लोअरची टाकी तळ्याच्या कोपऱ्यावर विसळली होती. आत सिंथेटिक पायरेथ्रॉइड या कीटकनाशकाचा तळाशी राहिलेला घोट. सकाळी कटले पांढरी पोटं वर करून तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कडेला लागलेले, दुपारपर्यंत रोहूही. चूक माझी, मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून टाकी धुवायची जागा तळ्यापासून लांब, उताराच्या पलीकडे. टाकी भरताना पाइपचं तोंड औषधात बुडू द्यायचं नाही; मोटर बंद पडली की पाइप उलटा ओढतो आणि मिश्रण थेट तळ्यात जातं. वारा तळ्याकडे असेल तर त्या बाजूच्या ओळी दुसऱ्या दिवशी. मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचंही तेच, तांबं माशाला सोसत नाही. शेवाळ मारायला तळ्यात मोरचूद टाकायची सवय असेल तर ती मासे सोडायच्या आधीच मोडा.

पाण्याचा सामू (pH) ७ ते ८.५ च्या दरम्यान हवा. प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली जायला नको. तो सगळ्यात कमी असतो पहाटे, कारण रात्रभर शेवाळही तोच ओढतं. तपासणी किट घ्याच, पण रोजच्या रोज हात पुरतो: कोपरापर्यंत बुडवा. कोपर बुडायच्या कितीतरी आधीच तळवा दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवं झालंय, खाद्य थांबवा. मळभाच्या दिवसांनंतर पहाटे मासे तोंड वर काढून घुटके घेताना दिसले की त्याच तळ्याचं पाणी मोटरने उचलून फवाऱ्यासारखं परत आत पाडायचं. त्या वेळी थ्री फेज लाईट असेलच असं नाही, म्हणून डिझेल इंजिनाची सोय आत्ताच बघून ठेवा. डिसेंबरात निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक आहेच. गार पाण्यात मासा खात नाही, टाकलेलं खाद्य तळाशी सडतं आणि अमोनिया वाढतो.

तळाचा गाळ आणि विष्ठेचं पाणी उपसाल तेव्हा ते कांद्याला, मक्याला द्या, ओढ्याला नको. आपले ओढे कादवेला मिळतात, आणि कादवा गोदावरीला मिळते तिथेच नांदूर मधमेश्वर आहे, महत्त्वाच्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं राज्यातलं पहिलं पाणथळ. तिथले पाणकावळे आपल्या तळ्यावरही येतात. राग येतो, मान्य, पण मारणं गुन्हा आहे. वरून दोऱ्या ताणा. सांडव्याला आणि निचऱ्याच्या पाइपला बारीक जाळी हवीच.

जाळी का, तर माशाच्या जातीच्या प्रश्नामुळे: नको ती जात बाहेरच्या पाण्यात जायला नको. २००५ चा मत्स्यपालनाचा कायदा किनाऱ्यापुरता, म्हणून गोड्या पाण्याला कोणी विचारत नाही अशी समजूत आहे. ती चुकीची. सांडपाण्याला १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहेच. आफ्रिकन मागुरवर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, केंद्राने २००० साली बंदी घातली; हा खादाड मासा हवेतून श्वास घेतो, ओलसर जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो आणि स्थानिक मासे संपवतो. बीज घेताना पिशवी उजेडात धरा, मिशावाली पिल्लं दिसली तर परत करा. तिलापिया परवानगीशिवाय नको. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान ही प्रतिजैविकं खाण्याच्या माशाला चालत नाहीत, दुकानदार काहीही म्हणो.

कागद थोडेच: सातबारा, शेततळ्याची नोंद, मत्स्यव्यवसायच्या सहायक आयुक्त कार्यालयात एक फेरी. २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिलाय, तेव्हा सवलतींचंही तिथेच विचारून घ्या. आणि चारही बाजूंना गाठी मारलेला दोर सोडा, कारण प्लॅस्टिकवरून घसरलेलं माणूस वर येत नाही.

बीज सकाळी लवकर आणा. पिशव्या न फोडता पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगू द्या, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या आणि पिशवी आडवी धरा. ओतू नका, पिल्लं आपली आपण बाहेर पडतात.