इन्सुलिन वाढवूनही शुगर उतरेना? मांजराला डॉक्टरांकडे नेण्याआधी

चार किलोच्या मांजराला एका वेळी ६ युनिट, म्हणजे किलोमागे दीड युनिट इन्सुलिन देऊनही शुगर ३००च्या खाली येत नसेल, तर डॉक्टर हार्मोनच्या आजाराचा संशय घेतात. बहुतेकदा त्यामागे तिघांपैकी एक असतो. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीतून जादा ग्रोथ हार्मोन सुटतं, तो अ‍ॅक्रोमेगाली. कॉर्टिसॉल वाढतं, तो कुशिंग. तिसरा, अतिसक्रिय थायरॉइड. या आजारांच्या तपासण्या महाग आहेत, म्हणून आधी घरातली चूक शोधा.

सगळ्यात जास्त घोळ सिरिंजचा होतो. आपल्याकडे माणसांच्या इन्सुलिनच्या कुप्या बऱ्याचदा ४० युनिट प्रति मिलीच्या असतात, आणि त्यांची सिरिंज लाल टोपीची. ग्लार्जिन हे लांब पल्ल्याचं इन्सुलिन १०० युनिट प्रति मिलीचं, त्याची सिरिंज केशरी टोपीची. ४०चं इन्सुलिन १००च्या सिरिंजमधून २च्या रेघेपर्यंत भरलं, तर मांजराला जेमतेम ०.८ युनिट मिळतं. वहीत मात्र २ लिहिलं जातं आणि ‘इन्सुलिन लागूच पडत नाही’ असं वाटत राहतं. उलटी चूक त्याहून वाईट: १००चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २पर्यंत भरलं, की थेट ५ युनिट जातात. म्हणून कुपी, सिरिंज आणि वापरलेल्या सिरिंजचा एक नमुना (सुई झाकून) सोबत न्या आणि टोचता कसं ते डॉक्टरांसमोर करून दाखवा. केसांतच इन्सुलिन सांडणारे कमी नाहीत.

दुसरी चूक उन्हाची. मे महिन्यात पारा ४२-४३ला टेकला, की स्कूटरच्या डिकीत ठेवलेली कुपी कामातून गेलीच म्हणायची. फ्रीजमध्ये ती दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्याला टेकवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, गढूळ दिसलं तर नवी कुपी फोडा.

तिसरी गोष्ट लोक सांगायला विसरतात, ती म्हणजे स्टेरॉइड. खाज थांबायला दिलेलं लांब पल्ल्याचं इंजेक्शन आठवडेच्या आठवडे शुगर चढवून ठेवू शकतं. कानाच्या-डोळ्यांच्या थेंबांतही स्टेरॉइड असू शकतं. नावं आठवत बसू नका, खोकी आणि ट्यूबा पिशवीत भरा.

आता वही. दोन आठवडे रोज इतकं लिहा: इन्सुलिनची वेळ आणि युनिट, काय खाल्लं, किती पाणी प्यायलं. दूध-भाकरी देत असाल तर तीही लिहा, लाजू नका; ज्वारीतल्या पिठुळ भागाचा हिशेब डॉक्टरांना लागतो. पाणी मोजताना सकाळी ३०० मिली भरा, दुसऱ्या दिवशी उरलेलं वजा करा. सोलापूरच्या कोरड्या उन्हात वाटीतलं पाणी उडूनही जातं, म्हणून तशीच दुसरी वाटी मांजर पोचणार नाही अशा जागी ठेवा आणि तिच्यातली घट वजा करा. रोज किलोमागे ५० मिलीच्या वर गेलं, तर ते जास्तच. वजन आठवड्यातून एकदा, पिंजऱ्यासकट, किराण्याच्या काट्यावर. शुगर आटोक्यात नसताना मधुमेही मांजर वाळतं. ते उलट वाढत असेल तर अ‍ॅक्रोमेगालीचा संशय बळावतो.

दोन-तीन वर्षांपूर्वीचे फोटो शोधा, समोरून एक आणि बाजूने एक. आजच्या फोटोशेजारी ठेवले की रुंदावलेलं डोकं, पुढे आलेला खालचा जबडा, जाड पंजे दिसतात. रोज बघणाऱ्याला ते कळत नाहीत. झोपेतल्या घोरण्याचा आणि मागचे घोटे जमिनीला टेकवून चालण्याचा व्हिडिओ घ्या.

घरी ग्लुकोमीटर असेल तर इन्सुलिनपासून १२ तास, दर २ तासांनी कानाच्या कडेचा थेंब घेऊन आकडे लिहा. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची शुगर नुसत्या भीतीनेही चढते, म्हणून घरचे आकडे मोलाचे. माणसांचं मशीन मांजरात सहसा कमी आकडा दाखवतं. तेव्हा तेच मशीन सोबत न्या आणि दवाखान्यातल्या आकड्याशी पडताळा.

भेटीच्या सकाळी उपाशी ठेवायचं की नाही, इन्सुलिन किती द्यायचं, हे आदल्या दिवशीच फोनवर विचारा. भूल द्यायची नसेल तर सहसा नेहमीचंच जेवण आणि नेहमीचाच डोस चालतो. आपल्या मनाने डोस बंद करू नका, आणि जेवलंच नाही तर पूर्ण डोसही टोचू नका. वेळ सकाळची घ्या. रिक्षात पिंजऱ्यावर सोलापुरी चादर टाका, पण एक बाजू हवेला उघडी ठेवा. आत जुना टॉवेल असू द्या, तो धुऊ नका. ओळखीच्या वासाने मांजर शांत राहतं.

तपासण्यांबद्दल आयजीएफ-१चं (ग्रोथ हार्मोन वाढलं की रक्तात वाढणारा घटक) नीट विचारा. ही प्रयोगशाळा मांजराचे नमुने तपासते का? १००० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर आकडा आला तर अ‍ॅक्रोमेगालीची शक्यता दाट. पण इन्सुलिन नुकतंच सुरू झालं असेल तर आकडा फसवा, कमी येतो. ६ ते ८ आठवडे थांबून केलेला बरा. मांजर म्हातारं असेल तर टी-४ ही थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्या. थायरॉइड जास्त असताना फ्रुक्टोसामिन (गेल्या काही आठवड्यांच्या शुगरचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) खोटं कमी दिसतं, म्हणजे शुगर वाईट आणि रिपोर्ट मात्र गोड.

कुशिंगचा संशय असेल तर टेबलावर चढवण्याआधीच सांगा: मानेची कातडी धरू नका, चिकटपट्टी लावू नका. अशा मांजराची कातडी ओल्या कागदासारखी फाटते.

सीटी किंवा एमआरआयसाठी पुण्याला जायचं ठरलं, तर भूल आलीच, आणि त्या दिवशीचा डोस डॉक्टरच ठरवतील. वाटेत मध किंवा ग्लुकोजची पूड हाताशी ठेवा. मांजर लटपटलं, शुगर ६०च्या खाली आली, तर बोटाने हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका. उलट्या, अन्न बंद आणि लघवीच्या पट्टीवर कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागल्याची खूण) असं एकत्र दिसलं, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी न्या.