काचेवरचं धुकं आतलं की बाहेरचं?
पावसाळ्यात ताम्हिणी घाट चढताना समोरची काच एकदम पांढरी पडते आणि आपण रुमालाने पुसत बसतो. आधी आतून काचेवर एक बोट ओढा. रेघ उमटली तर ओल आतली, आपल्याच श्वासांची आणि भिजलेल्या कपड्यांची. एसी लावा, झोत काचेकडे वळवा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करा. थंडी वाजली तर तापमान वाढवा, पण एसी बंद करू नका. हवेतली ओल तोच काढतो. रेघ उमटलीच नाही, तर काच एसीने बाहेरून धुकटली आहे. वायपर फिरवा, झोत पायाकडे वळवा. आणि हो, ती ओली छत्री डिकीत टाका.